दुसऱ्या महायुद्धातली अस्सल अमेरिकी सैनिकी सामग्री : संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अस्सल’ नेमकं कशाला म्हणायचं?

अमेरिकी लष्कराच्या कंत्राटावर युद्धाच्या काळात तयार झालेली आणि त्यानंतर कुणी ‘सुधारलेली’ नसलेली वस्तू म्हणजे अस्सल. वाक्याचा दुसरा अर्धा भाग बरेच जण विसरतात. १९४३ची पिशवी असेल आणि तिचा तुटलेला पट्टा कुणी आज नव्या धाग्याने शिवला असेल, तर पिशवी खरी आणि दुरुस्ती नवी. विकताना तसं सांगायला हवं. युद्धकाळातच लष्करी कार्यशाळेत झालेली दुरुस्ती मात्र त्या वस्तूच्या इतिहासाचाच भाग असते. ती उसवू नये.

बाजारात चार प्रकारचा माल एकत्र फिरतो. पहिला युद्धकालीन. दुसरा त्याच नमुन्याचा, पण कोरिया किंवा व्हिएतनामच्या काळात बनलेला. तिसरा युरोपातल्या देशांनी युद्धानंतर अमेरिकी नमुन्यावरून स्वतःच्या सैन्यासाठी केलेला. चौथा आजच्या प्रतिकृतींचा. फसवणूक चौथ्या प्रकारात होते असा समज आहे, पण खरी गफलत दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात होते. त्या वस्तूही जुन्याच असतात, वापरलेल्या असतात आणि त्यांना वासही जुनाच येतो.

आणखी एक लक्षात ठेवा. युद्धाच्या सुरुवातीला अमेरिकेने पहिल्या महायुद्धाचा शिल्लक साठा बाहेर काढला होता. म्हणून १९१८चा शिक्का असलेली कॅन्टीन १९४२च्या सैनिकाच्या कमरेला असणं अगदी शक्य आहे.

सुरुवात कशाने करावी?

कॅन्टीनच्या संचाने. हेल्मेटने नको. पाण्याची बाटली, तिच्या बुडाला बसणारा कप आणि कापडी आवरण, असे तीन भाग. तिन्हींवर बहुतेक वेळा उत्पादकाचं नाव आणि साल असतं. नग भरपूर बनले, त्यामुळे खोटं करण्यात कुणाला फारसा फायदा नाही. धातू, कापड, शिलाई आणि शिक्का या चारही गोष्टी एकाच संचात शिकता येतात.

त्यानंतर एम१९३६ (‘एम’ म्हणजे मॉडेल, पुढे त्याचं साल) पिस्तूल पट्टा, प्रथमोपचाराची एम१९४२ थैली, कार्बाइन या आखूड रायफलच्या मॅगझिनची, म्हणजे काडतुसांच्या डबीची, रिकामी कापडी थैली, जेवणाचा डबा आणि एम१९३६ खांद्यावरची पिशवी घ्या. घडीचं एम१९४३ फावडंही याच टप्प्यावर घ्यायला हरकत नाही. हेल्मेट अगदी शेवटी घ्या. तोवर डोळा तयार झालेला असतो.

कॅन्टीनवर काय पाहायचं?

एम१९१० नमुन्याची ही बाटली एक क्वार्टची, म्हणजे साधारण ९४६ मिलिलिटरची. मूळ धातू ॲल्युमिनियम. युद्धात ॲल्युमिनियम विमानांकडे वळलं तेव्हा तीन पर्याय निघाले : स्टेनलेस स्टील, लोखंडावर एनॅमल आणि प्लास्टिक. एनॅमलच्या बाटल्या १९४२च्या. त्यांचे टवके उडत आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज लागे. प्लास्टिकच्या बाटलीला उष्णता सोसत नसे. शेवटी स्टेनलेस स्टील टिकलं. म्हणून एनॅमलची किंवा प्लास्टिकची, तडे न गेलेली बाटली दिसली तर ती सोडू नका.

बाटलीचा शिक्का बुडाशी असतो, कपचा दांड्यावर. व्होलराथ, ए.जी.एम. कंपनी, एल.एफ. अँड सी., जी.पी. अँड एफ. ही नावं नेहमी दिसतात. सुरुवातीचं झाकण धातूचं, नंतरचं काळ्या प्लास्टिकचं. दोन्ही साखळीने बाटलीच्या मानेला जोडलेली. झाकण सहज बदलता येतं, त्यामुळे १९१८च्या बाटलीवर काळं झाकण दिसलं तरी तेवढ्यावरून ती नकली ठरत नाही.

आवरणाच्या आत लोकरी अस्तर असतं. ते भिजवून पाणी थंड ठेवत. याच अस्तराला कसर आधी लागते. विकत घेताना आत बोट घालून पाहा. आवरणाच्या मागे तारेचा दुहेरी आकडा असतो, तो पट्ट्याच्या छिद्रांत अडकतो. तो वाकवून सरळ करायला जाऊ नका, जुनी तार मोडते.

कापडाचे दोन वेगळे रंग का दिसतात?

अमेरिकी कॅनव्हास आणि वेबिंग (पट्ट्यांचं जाड विणलेलं कापड) आधी ऑलिव्ह ड्रॅब क्रमांक ३ या छटेत होतं. ही छटा फिकट, पिवळसर खाकीकडे झुकणारी. १९४३नंतर क्रमांक ७ ही गडद हिरवी छटा आली. बदल एका दिवसात झाला नाही. कारखान्यांनी हातातलं जुनं कापड संपवलं, म्हणून एकाच पिशवीचं अंग फिकट आणि कडेची पट्टी गडद अशा दोन रंगांच्या वस्तू निघाल्या. संग्राहक त्यांना ‘ट्रान्झिशन’ म्हणतात. नवखा माणूस त्यांना जोडकाम समजून सोडून देतो.

फोटोवरून छटा ठरवू नका. पिवळ्या बल्बखाली क्रमांक ७ सुद्धा खाकी दिसतो. वस्तू हातात असेल तर थैलीच्या झाकणाखालचा, ऊन न लागलेला भाग दिवसाच्या उजेडात पाहा. बाहेरचा भाग फिका आणि झाकणाखालचा गडद असणं ही वस्तू खरोखर वापरात होती याची चांगली खूण आहे.

वस्तू हातात आल्यावर कोणत्या क्रमाने तपासावी?

आधी कापड, मग धागा, मग धातूचे भाग, मग झीज, आणि सगळ्यात शेवटी शिक्का. बहुतेक जण बरोबर उलटं करतात. शाईचा शिक्का मारणं ही नकली माल बनवणाऱ्यासाठी सगळ्यात सोपी गोष्ट आहे. ऐंशी वर्षांपूर्वीचं विणकाम पुन्हा उभं करणं सगळ्यात अवघड.

कापड सुती असतं, घट्ट विणीचं. नायलॉनचं वेबिंग पुढच्या पिढीतलं. पट्ट्याची विण भिंगातून पाहा : मूळ वेबिंग जाड आणि एकसारखं असतं, नव्यात बरेचदा सैल.

शिलाईचा धागाही सुतीच. सुती धागा मंद दिसतो आणि त्याला बारीक केस असतात. पॉलिएस्टर चकचकीत आणि गुळगुळीत. ताण येतो तिथे, म्हणजे पट्टा अंगाला जोडला जातो त्या जागी, दाट आडवे टाके असतात.

बटणं बहुतेक ‘लिफ्ट द डॉट’ पद्धतीची. ही एकाच बाजूने उघडतात आणि ती बाजू छोट्या ठिपक्याने दाखवलेली असते. तीन बाजूंनी ओढलं तरी सुटत नाहीत. जबरदस्तीने ओढलं तर कापड फाटतं. बटणाच्या आतल्या भागावर बनवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरांत असू शकतं. काळं केलेलं पितळ कडांवर घासून पिवळं दिसतं. नव्या बटणावरचा काळा रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

झीज तर्काला धरून आहे का ते विचारा. पाठीवरची पिशवी पाठीला टेकते त्या बाजूने आणि खालच्या कोपऱ्यांवर झिजते. सगळीकडे सारखीच मळलेली, पण पट्ट्याच्या छिद्रांवर एकही घासल्याची खूण नसलेली पिशवी चहाच्या पाण्यात बुडवलेली असू शकते.

शिक्क्यावरून युद्धानंतरचा माल कसा ओळखायचा?

हा भाग खरंच सोपा आहे. पुढीलपैकी एकही खूण दिसली, तर वस्तू महायुद्धातली नाही :

- ‘डी.एस.ए.’ ही अक्षरं. संरक्षण पुरवठा खात्याचं हे नाव १९६१ ते १९७७ या काळातलं.
- अकरा अंकी फेडरल स्टॉक क्रमांक. ही पद्धत १९५०च्या दशकातली.
- तेरा अंकी राष्ट्रीय स्टॉक क्रमांक. हा १९७४पासूनचा.

ठिपक्यांसह ‘यू.एस.’ ही साधारणपणे जुनी पद्धत. १९५६च्या नमुन्यापासून ठिपके गेलेले दिसतात. हा नियम मदतीपुरताच वापरा.

‘जे.क्यू.एम.डी.’ म्हणजे इंडियाना राज्यातला जेफरसनव्हिल क्वार्टरमास्टर डेपो, लष्कराचं पुरवठा केंद्र. ‘ब्रिटिश मेड’ असा शिक्का पाहून नाक मुरडू नका. अमेरिकी सैन्यासाठी ब्रिटनमध्ये, अमेरिकी नमुन्यावर बनलेला तो माल आहे. युरोपात उतरलेल्या सैन्याने तो वापरला आणि पुष्कळ संग्राहक तो मुद्दाम शोधतात.

अतिनील दिव्याची चाचणी कितपत विश्वासाची?

एका बाजूनेच. कापड आणि धाग्याला निळसर पांढरी चमक देणारी रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली. म्हणून अंधारात अतिनील दिव्याखाली धागा झळाळला तर संशय घ्यावा. पण अस्सल पिशवी कुणी आजच्या कपड्यांच्या पावडरीने धुतली असेल, तर तीही झळाळते. धागाच चमकतो आणि कापड मंद राहतं, की सगळंच सारखं चमकतं, हे पाहा. पहिल्या प्रकारात शिलाई नवी असण्याची शक्यता जास्त, दुसऱ्यात धुलाईची. उलट, न चमकणारी वस्तू जुनीच असते असंही नाही. चांगल्या प्रतिकृती बनवणारे आता साधा सुती धागाच वापरतात.

धागा जाळून पाहण्याची पद्धत काही जण सुचवतात. वस्तूचा तुकडा तोडून केलेली चाचणी आम्हाला मान्य नाही.

एम१ हेल्मेटचं साल कसं ठरवायचं?

एम१ हेल्मेट १९४१मध्ये स्वीकारलं गेलं. युद्धात २ कोटींहून जास्त बनली, त्यांतली बहुतेक डेट्रॉइटच्या मॅककॉर्ड रेडिएटर कंपनीत, बाकीची सेंट लुईसच्या श्ल्यूटर कंपनीत. बाहेरचं कवच मँगनीजयुक्त हॅडफिल्ड पोलादाचं, आतला हलका लायनर वेगळा. दोन्हींचं साल वेगवेगळं ठरवावं लागतं.

कवच उलटं करा आणि समोरच्या छज्जाच्या आत पाहा. तिथे एक ठोकलेला आकडा असतो, बहुधा शेवटी अक्षर असलेला. हा पोलादाच्या ओताचा क्रमांक. आकड्याच्या वर इंग्रजी ‘एस’ असेल तर कवच श्ल्यूटरचं. या आकड्यांवरून साल काढणारे तक्ते संग्राहकांनी पुढे नमुने ताडून तयार केले आहेत. ते कारखान्याचे कागद नव्हेत, तेव्हा त्यांवरून महिना ठरवण्याचा अट्टहास नको.

मग हनुवटीच्या पट्ट्याची कडी पाहा. सुरुवातीची कडी कवचाला पक्की जोडलेली, न हलणारी. ती आपटून तुटत असे, म्हणून १९४३मध्ये हलणारी कडी आली. त्यानंतर कडेची पट्टी. तिचा सांधा आधी समोर होता, १९४४च्या अखेरीस तो मागे गेला. पट्टीचा धातूही आधी स्टेनलेस स्टील होता. त्यावरचा रंग निघून कड उन्हात चमके, म्हणून मँगनीज पोलाद वापरायला लागले. आजही समोरच्या सांध्याच्या हेल्मेटची कड बरेचदा उघडी, चकचकीत दिसते, ते यामुळेच.

मागचा सांधा आणि हलणारी कडी असलेलं हेल्मेट १९४५चंही असेल आणि नंतरचंही. इथे रंग मदत करतो. युद्धकाळातल्या रंगात बुचाच्या लाकडाचा भुगा मिसळलेला असे, नंतरच्या रंगकामात वाळूचा पोत येतो. पट्टा कडीवर शिवलेला असेल तर चांगलं. क्लिपने अडकवलेला पट्टा नंतरचा.

कडेला, विशेषतः छज्जाशी, केसाएवढी चीर दिसली तर घाबरू नका. पोलाद दाबून खोल आकार देताना राहिलेल्या ताणामुळे ती पडते. युद्धकालीन कवचांत ती नेहमीची आहे. वेल्डिंग करून बुजवू नका.

लायनरच्या आत, डोक्याच्या वरच्या भागात, उत्पादकाची खूण असते. वेस्टिंगहाउस, फायरस्टोन, इनलँड, कॅपॅक, एम.एस.ए. ही प्रमुख नावं. सगळ्यात जुना हॉली लायनर कागदी लगद्याचा, वर कापड चिकटवलेला. ओलसर हवेत तो फुगतो आणि आकार सोडतो. हॉली लायनर हाती आला तर तो कोरडा ठेवणं हीच त्याची सगळी निगा.

पॅराट्रूपरचं हेल्मेट स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

नको. पॅराट्रूपरचं एम२ हे सगळ्या अमेरिकी सामग्रीत सर्वाधिक बनावट होणारं हेल्मेट आहे. त्याच्या कड्या ‘डी’ आकाराच्या आणि पक्क्या जोडलेल्या असतात. साध्या एम१च्या कड्या काढून तशा जोडल्या की किंमत कितीतरी पटींनी वाढते. आतल्या बाजूला वेल्डिंगच्या भोवती रंग जळला आहे का, पुन्हा मारला आहे का, जुन्या कडीच्या जागी खड्डा उरला आहे का, हे पाहा. १०१व्या हवाई डिव्हिजनच्या पत्त्यांच्या खुणांनाही हेच लागू. ५०६व्या रेजिमेंटचा इस्पिक, ५०२व्याचा बदाम, ५०१व्याचा चौकट. स्टेन्सिल आणि पांढरा रंग कुणाकडेही असतो. जुन्या ओरखड्यांच्या आत पांढरा रंग उतरलेला दिसला, म्हणजे ओरखडा आधीचा आणि खूण नंतरची.

पिशवीवर अक्षर आणि चार आकडे आहेत. त्यांचा अर्थ काय?

तो धुलाईचा क्रमांक : सैनिकाच्या आडनावाचं आद्याक्षर आणि त्याच्या लष्करी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. केवळ त्यावरून माणूस सापडणं कठीण, कारण तेच अक्षर आणि तेच चार आकडे अनेकांचे असतात. सोबत नाव किंवा तुकडी असेल तर शक्यता वाढते.

पूर्ण क्रमांक मिळाला तर पहिला आकडा बोलतो. १ म्हणजे स्वेच्छेने भरती झालेला, २ म्हणजे नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलातून आलेला, ३ किंवा ४ म्हणजे सक्तीच्या भरतीतला. ‘ओ’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक अधिकाऱ्याचा. अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागाराने भरतीच्या सुमारे ९० लाख नोंदी शोधण्यासाठी खुल्या ठेवल्या आहेत. सविस्तर सेवापुस्तिका मात्र बरेचदा मिळत नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेख केंद्राला आग लागली आणि १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्यांची लष्कराची सुमारे ८० टक्के कागदपत्रं जळाली.

म्हणूनच नाव पुसू नका. ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून शाई धुऊन काढली, तर त्या माणसाची उरलेली शेवटची नोंदही कदाचित आपल्याच हाताने जाईल.

अशा वस्तू भारतात खरोखर सापडतात का?

सापडतात, आणि त्याला कारण आहे. चीन, ब्रह्मदेश आणि भारत या आघाडीसाठी अमेरिकी सैन्य इथे तळ ठोकून होतं : कराची, कलकत्ता, आसाम, लेडोचा रस्ता. तेव्हाच्या बिहारमधल्या (आता झारखंडमधल्या) रामगढला चिनी सैन्याचं प्रशिक्षण चाले. पुढे ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजलेली अमेरिकेची ५३०७वी तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबई बंदरात उतरली, देवळालीच्या छावणीत राहिली आणि मग देवगढला गेली. हे देवगढ म्हणजे कोकणातलं देवगड नव्हे, ललितपूरजवळचं. युद्धानंतर शिल्लक माल इथेच विकला गेला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल, तो यातूनच आला.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात वस्तू पाहताना आधी ब्रिटिश माल वेगळा काढा. १९३७ पॅटर्नच्या वेबिंगला पितळी टोकं आणि बाणाची खूण असते. अमेरिकी पट्ट्याला छिद्रांच्या ओळी असतात.

या आघाडीची खास गोष्ट म्हणजे इथल्या कारागिरांनी केलेली दंडावरची चिन्हं : वर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे उभे पट्टे. हाताने भरलेली असल्याने कोणतीही दोन अगदी सारखी नसतात. भारतीय संग्राहकाने जमवावा असा हा सर्वांत आपला विषय आहे असं आम्हाला वाटतं.

ईशान्येकडच्या डोंगरांत पडलेल्या अमेरिकी विमानांपाशी मात्र काहीही उचलू नका. बेपत्ता वैमानिकांचे अवशेष शोधण्याचं काम अजून चालू आहे, आणि हलवलेला एक तुकडा त्या शोधाचा धागा तोडू शकतो.

कायद्याचं काय?

कापडी सामान, कॅन्टीन, फावडं, जेवणाचे डबे यांचा शस्त्र कायद्याशी संबंध येत नाही. बंदुकीचे सुटे भाग आणि काडतुसं येतात. म्हणून कार्बाइनची थैली घ्या, पण आतलं मॅगझिन परवान्याशिवाय घेऊ नका. शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांचा वेगळा वर्ग आहे. एम१ संगिनीचं पातं १० इंचांचं. संगीन किंवा खंजीर परदेशातून मागवण्याआधी परवाना अधिकाऱ्याकडे लेखी चौकशी करा. बॉम्ब किंवा तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हात लावू नका, लगेच पोलिसांना कळवा.

घरात ठेवायला धोकादायक काय?

तीन गोष्टी.

होकायंत्र आणि घड्याळं. त्यांवरच्या चमकणाऱ्या रंगात रेडियम असतं. चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला असं नाही. विझतं ते रंगातलं झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. काच उघडू नका, रंग खरवडू नका, निजायच्या खोलीत ठेवू नका. तडा गेलेलं असेल तर झाकणाच्या डबीत बंद करा आणि मुलांपासून दूर ठेवा.

गॅस मास्कचा गाळणी डबा. आतल्या कोळशाला क्रोमियमचे विषारी क्षार लावलेले असू शकतात, काहींच्या गाळणीत ॲस्बेस्टॉसही असतो. मास्क तोंडाला लावून श्वास घेऊन पाहणं हा खेळ नव्हे. डबा उघडू नका.

प्रथमोपचाराचा सीलबंद पत्र्याचा डबा. आतल्या औषधाचा आज उपयोग नाही आणि उघडला की वस्तूची किंमतही जाते.

मळलेला कॅनव्हास धुवावा का?

नाही. पाण्याने शिक्क्याची शाई पसरते, कापड आटतं आणि बटणांभोवतीचा गंज कापडात उतरतो. मऊ ब्रशने कोरडी धूळ झटका. व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ जाळी बांधून कमी जोरावर धूळ ओढून घ्या. जास्त काही करू नका.

पितळेवर जिथे चामडं किंवा मेण टेकतं, तिथे हिरवं मेणचट जंग येतं. लाकडी दातकोरणीने ते काढा, मऊ फडक्याने पुसा. पितळ चकचकीत करणारी पेस्ट लावू नका : काळा मुलामा जातो आणि पांढरी पूड शिवणीत अडकते. फावड्याचा गंज असेल तर पातळ तेलाचा हात पुरे. एम१९४३ फावड्याचं पातं घट्ट करणारी चकती अडकली असेल तर सांध्यात तेलाचे थेंब सोडून रात्रभर थांबा आणि हातानेच फिरवा. पान्याने कडा खाल्ल्या जातात आणि ती खूण कायमची राहते.

चामड्याला तेल पाजण्याची घाई करू नका. जास्त तेलाने ते काळं आणि लिबलिबीत होतं. पृष्ठभाग लाल भुकटीसारखा सुटत असेल तर तेलाने काही सुधारत नाही. मग वस्तू हाताळणंच कमी करावं.

पावसाळ्यात काय करावं?

कोकण आणि मुंबईत हाच खरा शत्रू. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राखता आली तर उत्तम. छोटा मापक स्वस्तात मिळतो, तो खोलीत नव्हे तर कपाटात ठेवा. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की वाळवून घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेली वस्तू आत घाम धरते. त्यापेक्षा आम्लरहित कागद आणि खोका बरा. भिंतीला लागून, जमिनीवर काही ठेवू नका, वाळवी तिथूनच येते. पट्ट्यांनी टांगूही नका. पिशवीत कागदाचे बोळे भरून आकार धरा आणि घडी दर काही महिन्यांनी वेगळ्या जागी पाडा.

लोकरी अस्तरात कसर दिसली तर वस्तू हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड कापडावर दव धरतं आणि एका दिवसात बुरशी येते. रबर, चामडं आणि हॉली लायनर फ्रीझरमध्ये घालू नका.

फोटोवरून घेताना विक्रेत्याकडे काय मागावं?

दिवसाच्या उजेडातले, फ्लॅश न वापरलेले फोटो : पुढची आणि मागची बाजू, झाकणाखालचा भाग, शिक्का जवळून, एका बटणाची आतली बाजू, आणि शिवण सुटलेली किंवा झिजलेली सगळ्यात वाईट जागा. हेल्मेट असेल तर कडेचा सांधा, दोन्ही कड्या, ओताचा क्रमांक आणि लायनरमधली खूण. एम१९२८ हॅवरसॅक, म्हणजे पाठीवरची पिशवी, असेल तर एक वेगळा प्रश्न विचारा : खालचा जोडभाग आणि तो वरच्या भागाला ओवून जोडणारा पट्टा सोबत आहे का? बहुतेक हॅवरसॅकमधून हेच दोन भाग हरवलेले असतात आणि नंतर सुटे शोधताना दमछाक होते.

विक्रेता सगळ्यात वाईट जागेचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर व्यवहार तिथेच सोडा.